न्हाणीघराची फरशी आणि खालच्या मजल्याचे छत

न्हाणीघराची फरशी बदलण्याचे घरात ठरले की पहिली चर्चा रंगाची होते. करडी घ्यावी की बदामी, चकचकीत घ्यावी की खरबरीत, यावर घरातील प्रत्येकाचे स्वतंत्र मत असते. त्या खोलीतील पाणी कोठे पडते आणि कोणत्या वाटेने जाते, ही चर्चा मात्र सहसा होत नाही. ती होते खालच्या मजल्यावरील शेजारी आपल्या छतावरचा ओला डाग दाखवण्यासाठी वर येतात त्या दिवशी. तोपर्यंत फरशी बसून गेलेली असते, मिस्त्रीचा हिशोब चुकता झालेला असतो आणि उरलेल्या फरश्या भंगारवाल्याने नेलेल्या असतात.

अलीकडे या कामात एक बदल झाला आहे. सात फूट बाय चार फूट, म्हणजे अठ्ठावीस चौरस फुटांच्या कामासाठी चांगला मिस्त्री मिळणे कठीण झाले आहे. मोठ्या इमारतीवरचे काम सोडून दीड दिवसाच्या कामाला येण्यात त्याचे नुकसान असते आणि व्यापारी घरातील माणसाला तरी त्याचा हा हिशोब चुकीचा म्हणता येणार नाही. दुसरीकडे, पूर्वी जेथे सिमेंट-वाळूचा जाड थर लागे, तेथे आता पिशवीत तयार मिळणाऱ्या टाइल ॲडहेसिव्हचा तीन-चार मिलिमीटरचा थर पुरतो. त्यामुळे कमोड, बेसिन व नळ जेथल्या तेथे ठेवून जुन्या फरशीवरच नवी फरशी स्वहस्ते बसवण्याचा विचार अनेक गृहस्थ करू लागले आहेत. तोडफोड नाही, राडारोड्याची पोती जिन्यावरून उतरवणे नाही आणि न्हाणीघर आठवडाभर बंद राहणे नाही. विचार वाईट नाही. तो कोणत्या घरात करावा आणि कोणत्या घरात करू नये, एवढे मात्र फरशीच्या दुकानात जाण्यापूर्वी ठरले पाहिजे.

फरशी जुनी दिसते म्हणून बदलायची आहे, की खाली ओल उतरते म्हणून, हा पहिला प्रश्न. फरशी स्वतः पाणी अडवत नाही. पाणी अडवतो तो तिच्याखालचा जलरोधक थर, आणि फरशांच्या सांध्यांतून थोडेफार पाणी त्या थरापर्यंत नेहमीच पोहोचत असते. तो थर फुटला असेल, किंवा त्याखालील नळाचा सांधा सुटला असेल, तर वर बसवलेली नवी फरशी गळती काही महिने लपवते आणि पुढच्या दुरुस्तीचा खर्च वाढवते, कारण मग एकाऐवजी दोन थर फोडावे लागतात. म्हणून खाली ओल असेल तर हे काम हाती घेऊच नये. आधी निदान करावे.

निदानाला यंत्र लागत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत कापड गुंडाळून सांडपाण्याच्या जाळीचे तोंड घट्ट बुजवावे, उंबरठ्याच्या खाली राहील इतके पाणी जमिनीवर साचवावे, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करावी आणि ते चोवीस तास तसेच ठेवावे. पातळी ठळकपणे उतरली, किंवा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत खालचा डाग पसरला, तर दोष जमिनीच्या थरात आहे. साचवलेल्या पाण्याने डाग हलला नाही, पण बोळा काढून बादल्यांमागून बादल्या ओतल्यावर तो वाढला, तर दोष जाळीखालच्या ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या नळात आहे. न्हाणीघर दोन दिवस न वापरताही डाग ओला राहत असेल, तर भिंतीत गाडलेल्या पाण्याच्या नळीवर संशय घ्यावा आणि मुख्य कॉक बंद करून पाहावे. या तीन परीक्षांना पाणी आणि धीर यांपलीकडे काही लागत नाही, तरी त्या टाळल्या जातात.

ओल नसेल, तर जुन्या फरशीची पकड तपासावी. येथे व्यापारी घराण्याचा वारसा कामास येतो. चांदीचा रुपया दगडावर वाजवून घेण्याची रीत ज्यांच्या आजोबांना ठाऊक होती, त्यांना खणखणीत आणि बद्द आवाजातील फरक समजावून सांगावा लागत नाही. लाकडी मुठीने प्रत्येक फरशी मधोमध व चारही कोपऱ्यांवर ठोकावी. बद्द, पोकळ आवाज देणारी फरशी खालून सुटलेली असते. अशा दोन-चार फरश्या असतील, तर त्या काढून खड्डा सिमेंटच्या मसाल्याने भरून सपाट करता येतो. निम्मी जमीन पोकळ वाजत असेल, तर मिस्त्रीची वाट पाहावी आणि सगळी जमीन उकरून घ्यावी. सुटलेल्या थरावर कितीही उत्तम ॲडहेसिव्ह लावला, तरी तो सुटलेल्या थरालाच चिकटतो.

यानंतर बहुतेकांच्या मनात धास्ती असते ती कमोडच्या गोलाईभोवती फरशी कापण्याची. वास्तविक आकाराचा प्रश्न कागद, पेन्सिल आणि थोडी चिकाटी यांनी सुटतो. खरा प्रश्न उंचीचा आहे आणि तो कामाआधी कागदावर सोडवावा लागतो. नवी फरशी नऊ मिलिमीटर जाडीची आणि ॲडहेसिव्हचा थर चार मिलिमीटरचा धरला, तर जमीन तेरा मिलिमीटरने वर येते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण उंबरठा जुन्या जमिनीपेक्षा पंचवीस मिलिमीटर उंच असेल, तर त्यातील बाराच उरतात. तो वीसच असेल, तर सातच उरतात आणि जोराने ओतलेली बादली शयनगृहात पोहोचते. हातात दहा-बारा मिलिमीटर तरी उंबरठा शिल्लक राहत नसेल, तर उंबरठ्यावर नवी पट्टी बसवावी लागेल. मग दाराचा खालचा भाग तासावा लागेल, आणि लहान वाटलेले काम दारापर्यंत जाते. दार आत उघडणारे असेल, तर ते नव्या जमिनीला घासणार नाही ना, हेही त्याच वेळी मोजावे.

हेच तेरा मिलिमीटर प्रत्येक जोडणीशी वेगळे वागतात. जमिनीवर ठेवलेल्या कमोडचे दोन प्रकार आपल्याकडे असतात. पी ट्रॅपचा कमोड मागच्या भिंतीतील नळाला जोडलेला असतो व त्याच्या निकासाचा मध्य जमिनीपासून सुमारे १८० मिलिमीटरवर असतो. एस ट्रॅपचा कमोड खाली, जमिनीतील नळात उतरतो. पी ट्रॅपचा कमोड उचलून त्याखाली फरशी घातली, तर कमोड तेरा मिलिमीटर वर जातो आणि भिंतीतील नळ जागेवरच राहतो. रबरी जोडणी ओढून-ताणून बसवली जाते आणि तेथेच गळती सुरू होते. एस ट्रॅपचा कमोड उचलला, तर त्याचे तोंड नळात पूर्वीइतके खोल जात नाही व मध्ये जोडतुकडा घालावा लागतो. हे प्लंबरचे काम आहे. म्हणून घरच्या माणसाने कमोड हलवू नये, त्याच्याभोवती फरशी बसवावी, हेच शहाणपणाचे. बैठकीची उंची तेरा मिलिमीटर कमी होते. तरुणांना ती जाणवत नाही; गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी जाड बैठक घेता येते. मात्र कमोडच्या पायाचे बोल्ट फरशीखाली किंवा मसाल्याखाली गाडले जाऊ नयेत. तो कमोड कधीतरी काढावा लागणारच आहे.

भारतीय पद्धतीचे शौचपात्र असेल, तर हा सारा बेत सोडून द्यावा. त्याची कड जमिनीशी जुळलेली असते. भोवती तेरा मिलिमीटरची पायरी उभी राहिली, तर पाय ठेवण्याची जागा बिघडते, कडेला घाण साचते आणि वयस्कर माणसाला अडखळण्याची भीती उरते. त्या न्हाणीघराला गवंडीच हवा.

सांडपाण्याच्या जाळीकडे मात्र सर्वांत अधिक लक्ष द्यावे लागते. तिच्याखालच्या भांड्याला प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीवरून आलेले हे नाव देशभरातील प्लंबिंगच्या परिभाषेत रूढ झालेले आहे, ही मराठी माणसाला सुखावणारी गोष्ट. त्या ट्रॅपमध्ये सुमारे पन्नास मिलिमीटर पाणी कायम राहते आणि ते गटारातील दुर्गंधी व झुरळे यांना अडवते. जुनी जाळी तशीच ठेवून भोवती फरशी घातली, तर जाळी खड्ड्यात जाते आणि खड्ड्याच्या उघड्या कडेतून पाणी दोन फरशांच्या मधल्या थरात शिरते. म्हणून जाळीची चौकट काढून ती नव्या पातळीला, फरशीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली, पुन्हा बसवावी आणि कडेची उघडी जागा पूर्ण भरून घ्यावी. काम चालू असताना ट्रॅपचे तोंड कापडाने झाकलेले हवे. आत पडलेला ॲडहेसिव्हचा गोळा दगड होऊन बसतो.

आता ढाळाचा विचार. पाणी जाळीकडे वाहण्यासाठी दर मीटरला दहा ते पंधरा मिलिमीटर उतार लागतो. जुन्या जमिनीला तो आहे की नाही, हे एक बादली पाणी ओतून कळते. पाच मिनिटांनंतर जेथे डबके उरते, तेथे ढाळ नाही. नव्या थराने थोडी दुरुस्ती होते, फार नाही. ॲडहेसिव्ह हा पातळ थरात वापरायचा पदार्थ आहे. खोल खड्डे त्याने बुजवू नयेत. ढाळामुळेच फरशीचा आकारही ठरतो. दोन फूट बाय दोन फुटांची फरशी दिवाणखान्यात शोभते. जाळीकडे चारही बाजूंनी उतरणाऱ्या जमिनीवर ती कोठेतरी उचललेली राहते. न्हाणीघरात एक फूट बाय एक फूट किंवा त्याहून लहान फरशी घ्यावी. सांधे अधिक येतात, पण फरशी उताराचे ऐकते आणि ओल्या पायाला पकडही मिळते. खोक्यावर जमिनीसाठी असे लिहिलेले पाहूनच घ्यावी. भिंतीची फरशी सच्छिद्र व नाजूक असते; विट्रिफाइड फरशी पाणी जेमतेम अर्धा टक्का शोषते, तर भिंतीची फरशी दहा टक्क्यांहून अधिक. दुकानदार स्वस्त म्हणून भिंतीचा उरलेला माल पुढे करतो, तेव्हा हा आकडा आठवावा.

खरेदीच्या बाबतीत व्यापाऱ्याला काय सांगावे! तरी एक सवय येथे अंगाशी येते. कमोड व जाळीची जागा मोजून ती एकूण क्षेत्रातून वजा केली जाते. अठ्ठावीस फुटांतून तीन फूट गेले, म्हणून पंचवीस फरश्या आणल्या जातात. प्रत्यक्षात कमोडभोवतीच्या प्रत्येक कापलेल्या फरशीसाठी एक अखंड फरशी खर्ची पडते आणि एखादी फुटतेच. वजाबाकी करू नये. उलट सहा अधिक धरून चौतीस घ्याव्यात. सर्व खोक्यांवरील बॅच व शेड क्रमांक एकच असावेत. ॲडहेसिव्हची वीस किलोची एक पिशवी एवढ्या जमिनीला पुरते. तिच्यावर आयएस १५४७७ हे मानक, उत्पादनाची तारीख आणि जुन्या फरशीवर नवी फरशी बसवण्यास योग्य असल्याचा उल्लेख, या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. बिल घरच्या नावाने घ्यावे. दुकानाच्या नावाने घेऊन त्यावरील जीएसटीचे क्रेडिट मिळवण्याचा मोह काहींना होतो. वैयक्तिक वापराच्या वस्तूंवर ते क्रेडिट कायद्याने मिळत नाही.

बसवण्याआधी फरश्या कोरड्याच मांडून पाहाव्यात. न्हाणीघराच्या भिंती काटकोनात असतात असे गृहीत धरू नये. एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजून तिरक्या अंतराचे पाच फूट भरतात का, ते पाहावे. दारातून प्रथम दिसणाऱ्या ओळीत अखंड फरश्या याव्यात आणि कापलेले तुकडे कमोडमागे किंवा बादलीखाली जावेत. कमोडच्या मध्यरेषेवर सांधा आणला, तर एकाही फरशीला मधोमध भोक पाडावे लागत नाही. गोलाई दोन फरशांत वाटली जाते. नळीच्या बाबतीतही तेच. गोलाई उतरवण्यासाठी फरशीच्या आकाराचा पुठ्ठा घ्यावा, त्याच्या एका कडेला बोट-बोट अंतराने चिरा द्याव्यात आणि तो कमोडला भिडवून दाबावा. पट्ट्या जेथे दुमडतात, तीच गोलाई. शिंपी कापड बेततो तसे हे बेतणे आहे; फरक इतकाच की येथे चार-पाच मिलिमीटरची मोकळी जागा मुद्दाम सोडायची असते. कमोडला फरशी टेकली, तर उष्णतेने व हादऱ्याने दोहोंपैकी एक तडकते.

सरळ काप हाताच्या कटरवर होतात. गोलाईसाठी ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून खुणेपर्यंत शेजारी-शेजारी चिरा द्याव्यात आणि मधल्या दातऱ्या पकडीने एकेक मोडाव्यात. पहिला प्रयोग जुन्या, टाकाऊ फरशीवर व्हावा. हे काम गच्चीत किंवा बाल्कनीत करावे, न्हाणीघरात नव्हे. ओल्या जमिनीवर विजेचे यंत्र हाती धरणे म्हणजे संकटाला आमंत्रण. फरशीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. एन ९५ मास्क आणि चष्मा यांशिवाय यंत्र सुरू करू नये व ब्लेडवरचे संरक्षक झाकण काढू नये, मिस्त्री काढत असला तरीही.

प्रत्यक्ष बसवणे त्यामानाने सोपे. जुनी फरशी साबणाचा थर व तेलकटपणा जाईपर्यंत घासावी, छिन्नीने टाचे मारून खरखरीत करावी व पूर्ण वाळू द्यावी. पिशवीवर लिहिल्याप्रमाणे ॲडहेसिव्ह कालवावा, थोडा थोडा कालवावा आणि घट्ट होऊ लागल्यावर त्यात पुन्हा पाणी घालू नये. दातेरी थापीने तो पसरावा, फरशी दाबून किंचित सरकवावी, रबरी हातोडीने ठोकावी, स्पेसर लावावेत, पाणसळीने ढाळ पाहावा. सुरुवात आतून करावी व शेवट दाराशी व्हावा. कोपऱ्यात अडकून उभा राहिलेला गृहस्थ हा घरातील मुलांच्या करमणुकीचा विषय होतो. चोवीस तास त्यावर पाय पडू देऊ नये. घरात एकच न्हाणीघर असेल, तर हे दोन दिवस कोणाकडे काढायचे, हे आधी ठरलेले असावे.

सांधे भरण्यासाठी पांढरे सिमेंट वापरण्याची पद्धत आता सोडली पाहिजे. ते आक्रसते, तडकते आणि वर्षभरात धुऊन जाते. इपॉक्सी ग्राउट महाग पडतो, चटकन घट्ट होतो आणि पुसण्यात हयगय झाली तर फरशीवर डाग ठेवतो. पण एवढ्याशा जमिनीत तोच घ्यावा. भिंत व जमीन मिळते तो कोपरा आणि कमोडभोवतीची मोकळी फट मात्र ग्राउटने भरू नये. या जागा किंचित हलतात व कडक पदार्थ तेथे फुटतो. तेथे बुरशीरोधक सिलिकॉन हवे. परदेशी पुस्तकांत कमोडची मागची बाजू मोकळी ठेवण्याचा सल्ला आढळतो, म्हणजे आतली गळती बाहेर दिसते. तिकडची न्हाणीघरे कोरडी असतात. आपल्याकडे जमीन बादल्यांनी धुतली जाते. चहूबाजूंनी फट बंद करणेच योग्य.

ग्राउट व सिलिकॉन पूर्ण वाळल्यावर चोवीस तासांची पाणी साचवण्याची परीक्षा पुन्हा घ्यावी. आणि येथे खालच्या मजल्यावरील शेजारी पुन्हा येतात. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार शौचालय, सिंक इत्यादींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीच्या दुरुस्तीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाने सोसायचा असतो. म्हणजे संस्था हात झटकू शकते आणि दोन घरे समोरासमोर उभी राहतात. अनेक इमारतींत वीस वर्षांचे येणे-जाणे अशा एका डागापायी थांबलेले दिसते. काम सुरू करण्यापूर्वी खाली जाऊन, “काका, परवापासून आमच्या न्हाणीघरात फरशीचे काम आहे, तुमच्या छताचा फोटो काढून ठेवू का?” एवढे विचारण्यात कमीपणा नाही. बँकेच्या भाषेत ती आरंभीची शिल्लक. कामानंतर आठ दिवसांनी त्याच जागेचा दुसरा फोटो काढावा आणि दोन्ही त्यांनाही पाठवावेत. डाग जुना की नवा, यावर मग वाद राहत नाही. आवाजाचे काम त्यांच्या दुपारच्या विश्रांतीची वेळ सोडून करावे, हे वेगळे सांगायला नको.

उरलेल्या फरश्या भंगारात देऊ नयेत. चार-पाच तरी अखंड फरश्या खोक्यात घालून माळ्यावर ठेवाव्यात, खोक्यावर बॅच क्रमांक व महिना लिहावा आणि बिलही त्यातच असावे. पुढे कमोड बदलताना नव्याचा तळ जुन्यापेक्षा लहान निघाला, तर भोवती जुन्या फरशीची तेरा मिलिमीटर खोल पट्टी उघडी पडते. ती झाकायला याच फरश्या लागतात. तोपर्यंत दुकानातून ती छटा गेलेली असते.